गाइडची गोष्ट आणि दगडाचं गणित

विजापूरला जाऊन गोल घुमट बघून आलेले लोक खूप भेटतात. ऐकून आलेले मात्र थोडे. याला कारण सहलीच्या बसगाड्या. सकाळी नऊनंतर घुमटाच्या सज्जात शाळांची पोरं चढतात आणि प्रत्येक जण एकाच वेळी ओरडतो, शिट्टी मारतो, आपलं नाव घेऊन बघतो. घुमट इमानदारीने प्रत्येक आवाज परत करतो आणि सगळ्यांचा मिळून एक गलका होतो. म्हणून म्हणतो, या गावात एक दिवस आपला स्वतंत्र गाइड करावा. त्याला पहाटेच बोलवावं आणि दार उघडल्या उघडल्या वर जावं. पैसे थोडे जास्त पडतात. पण इथली सगळ्यात मोठी गोष्ट ऐकायची आहे आणि ऐकायला शांतता लागते.

सरकारी कागदांत शहराचं नाव २०१४ पासून विजयपुरा आहे. आपल्या तोंडी विजापूरच. सोलापूरहून साधारण शंभर किलोमीटर. परवाना असलेले गाइड गोल घुमटाच्या फाटकाशीच भेटतात. ते कन्नड, दखनी, हिंदी बोलतात आणि समोरचा सोलापूर-सांगलीकडचा दिसला की सरळ मराठीत सुरू होतात. आम्हाला मिळालेले गाइड वयस्कर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. टांगा त्यांनीच ठरवला. विजापुरात टांगा अजून आहे, आणि या गावाला त्याचाच वेग मानवतो.

चाचांनी पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक नक्कीच खरी नव्हती आणि एकीबद्दल शंका होती. गाइडच्या गोष्टींना हसायचं, किंवा त्या डोळे मिटून खऱ्या मानायच्या, असे दोनच प्रकार आपण करतो. मला दिवसभरात तिसराच नाद लागला. गोष्ट ऐकली की विचारायचं, ती नेमकी इथेच का जन्मली? बहुतेक वेळा उत्तर समोरच्या दगडात होतं. दगडाने काहीतरी अचाट केलेलं असतं, बघणाऱ्याला त्याचा उलगडा होत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत गोष्ट येऊन बसते.

गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. तो १६२७ मध्ये गादीवर आला आणि १६५६ मध्ये वारला. म्हणजे आपल्याकडे शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते तो हाच. बांधणाऱ्याचं नाव याकूत सांगतात आणि त्याला दाभोळचा म्हणतात. आपल्या कोकणातलं दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. समुद्रकाठचा माणूस या कोरड्या माळावर येऊन एवढं करून गेला, याचं मला आधीच अप्रूप होतं. आत पाऊल टाकल्यावर मात्र नाव-गाव सगळं विसरायला होतं, कारण डोळ्यांना अंदाजच लागत नाही. मधे एकही खांब नाही. चौकोनी दालनाची बाजू सुमारे ४१ मीटर, आणि वर आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट. रोमच्या पँथिऑनचा घुमट व्यासाने याच्याहून मोठा आहे. पण एका घुमटाखाली किती जमीन झाकली असं मोजायला गेलं, तर खालचं दालन चौकोनी असल्यामुळे विजापूर पुढे जातं.

आता खरी मौज. खोली चौकोनी, छप्पर गोल. चौकोनावर वर्तुळ ठेवलं की चार कोपरे उघडे पडतात. जगभरच्या घुमट बांधणाऱ्यांची ही जुनीच डोकेदुखी. रांगोळीत एक चौरस काढून त्यावर दुसरा चौरस तिरका ठेवला की आठ टोकांची चांदणी होते आणि तिच्या पोटात अष्टकोन उरतो. याकूतने हीच चांदणी कमानींची केली. भिंतींना लागून जमिनीवरूनच उंच कमानी उठतात, एकमेकींना छेदतात, आणि वर जाता जाता चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोनाचं वर्तुळ करायला मग फारसं काही लागत नाही. चाचांनी हातातल्या काठीने ही चांदणी हवेतच काढून दाखवली. त्या काठीच्या टोकाकडे बघताना जे कळलं ते आराखड्यांच्या पुस्तकातून मला कधी कळलं नव्हतं.

पण कमानींचं काम एवढ्यावर संपत नाही. कुठलाही घुमट आपल्या वजनाने पायथ्याशी बाहेरच्या बाजूला पसरायला बघतो. भिंती त्याला आवरतात, नाही आवरल्या तर फाकतात. इथे कमानींच्या मधला भरीव दगडी भाग आत झुकलेला आहे, दालनाच्या पोकळीत पुढे आलेला. त्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि घुमटाचा रेटा बाहेरच्या बाजूला. दोन्ही ओढी एकमेकींना धरून ठेवतात. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या इतिहासकाराने हे समजावून सांगितलं आणि या बांधणीची तोंडभरून तारीफ केली. शिवाय कमानी आत झुकल्याने घुमटाचं वर्तुळ भिंतींपासून आत सरकलं आणि त्याच्या पायथ्याशी चहूबाजूंनी मोकळी वाट उरली. तोच तो प्रसिद्ध सज्जा, सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि जमिनीपासून तेहतीस मीटर उंच. आवाजाची जादू करायची म्हणून मुद्दाम काढलेला नाही. इमारत उभी राहावी म्हणून जे केलं, त्यातून तो आपोआप पडला. मला तरी तसंच वाटतं.

वर जायला चार कोपऱ्यांत सात मजली मनोरे आहेत आणि त्यांच्या आत अरुंद जिने. पायऱ्या उंच, गुडघ्यांची परीक्षा. चाचा खाली थांबले नाहीत, पुढे चढले. सज्जात गेल्यावर त्यांनी आम्हाला एका बाजूला बसवलं, स्वतः पलीकडच्या टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून खिशातला कागद चुरगाळला. तो चुरचुर आवाज थेट कानाशी आला. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, आता तुम्ही बोला. भिंतीला सांगा, मला नको." आमच्यात अडतीस मीटरचं अंतर आणि खाली दहा-अकरा मजल्यांची पोकळी.

कुजबुज पलीकडे जाते ती हवेतून सरळ रेषेत जात नाही. लंडनच्या सेंट पॉल्स चर्चच्या घुमटातही असा सज्जा आहे. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने तिथला चमत्कार बघून ताडलं की आवाज वक्र भिंतीला चिकटून, थोड्या थोड्या अंतरावर आपटत, कडेकडेने घसरत जातो. मोकळ्या हवेत आवाज चहूकडे पांगतो आणि लगेच मरतो. भिंतीच्या कुशीतून जाताना त्याला पांगायला वाव कमी, म्हणून तो लांब पोचतो. रॅलेने वाकवलेल्या पत्र्याचा छोटा नमुना केला. एका टोकाला बारीक शिट्टी ठेवली आणि दुसऱ्या टोकाला आवाजाने थरथरणारी ज्योत. मधे, भिंतीलगत, एक अरुंद पट्टी उभी केली तर ज्योत शांत झाली. म्हणजे आवाजाची वाट भिंतीलगतच होती. आपले सी. व्ही. रामन १९२१ मध्ये लंडनला गेले, तेव्हा त्यांनाही या प्रश्नाने ओढून घेतलं आणि त्यांनीही सेंट पॉल्समध्ये प्रयोग केले. चाचांच्या "भिंतीला सांगा, मला नको" या सूचनेत हे सगळं भौतिकशास्त्र आलेलं होतं.

टाळीचं गणित वेगळं. इथे एक टाळी सात वेळा ऐकू येते असं प्रत्येक गाइड सांगतो, कुणी दहा म्हणतो. गोष्ट म्हणून सोडून देण्याआधी आकडे मांडून बघा. टाळीचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा म्हणजे दोनदा ३८, सुमारे ७६ मीटर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे परतफेरीला पाव सेकंदाहून थोडं कमी. दोन आवाजांत एक दशांश सेकंदाचं अंतर असलं की आपला कान ते वेगळे ओळखतो, हे शाळेत शिकलोय. इथे अंतर त्याच्या दुप्पट. म्हणून प्रत्येक फेरी सुटी, स्वच्छ ऐकू येते. वक्र भिंत आवाज पांगू न देता पुन्हा समोर गोळा करते, त्यामुळे तो दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या फेरीपर्यंत टिकतो. सात फेऱ्यांना दीड सेकंद लागतो. दीड सेकंदात सात टाळ्या! शांतता असेल तर दहाही मोजता येतात. म्हणजे सात म्हणणारा आणि दहा म्हणणारा, दोघेही गाइड प्रामाणिक आहेत. फरक पडतो तो खाली बस आली आहे की नाही याने.

इथेच चाचांनी रंभेची गोष्ट काढली. खाली चौथऱ्यावर बादशहाबरोबर त्याच्या बेगमांच्या आणि आणखी काही कबरी आहेत. त्यांतली एक रंभा या नर्तकीची मानतात. बादशहाने सज्जातून तिला विचारलं, माझ्यासाठी जीव देशील का? तिने उडी घेतली. कथा म्हणून मला ती फारशी भावली नाही, कुठल्याही किल्ल्यावर अशी एक उडी असतेच. पण सज्जाच्या कठड्यावरून खाली बघितलं की पोटात जो गोळा येतो, त्या गोळ्याला नाव द्यायला कुणीतरी रंभा आणली असावी.

खाली उतरून जामा मशीद, मेहतर महाल, असर महाल हे आम्ही भरभर केलं. मशिदीत एक गोष्ट मात्र थांबून बघावी. तिचा घुमटही छेदणाऱ्या कमानींवरच आहे, फक्त लहान. तिचं काम अली आदिलशहा पहिला याच्या काळात सुरू झालं, म्हणजे गोल घुमटाच्या कितीतरी वर्षं आधी. विजापूरच्या गवंड्यांनी ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या मुरवली होती, याकूतने ती धाडसाने मोठी केली. फरशीवर २,२५० नमाजींच्या जागा आखलेल्या आहेत. त्या औरंगजेबाने आखून घेतल्या असं सांगतात.

गगन महालाची कमान भव्य आहे. १६८६ च्या सप्टेंबरात शेवटचा आदिलशहा, सिकंदर, औरंगजेबाला शरण आला आणि इथला दरबार कायमचा संपला. त्याला चांदीच्या बेड्या घालून आणलं, अशी गोष्ट चाचा सांगतात. इथे जास्त थांबायचं कारण नाही, उन्हात कमानीखाली सावलीही पुरत नाही.

बारा कमान मात्र सोडू नये. मुहम्मदाचा मुलगा अली आदिलशहा दुसरा याची ही अर्धवट कबर. काळ्या दगडाच्या उघड्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत, वर छप्पर काहीच नाही. गोष्ट अशी की ही इमारत गोल घुमटाहून उंच होणार होती, तिची सावली बापाच्या घुमटावर पडणार होती, म्हणून बापाने काम थांबवलं. इथे तारखा गोष्टीला आडव्या येतात. बाप वारला १६५६ मध्ये आणि त्यानंतरच मुलगा गादीवर आला. मेलेला बाप काम थांबवणार कसा? खरं कारण आपल्याला, मराठी वाचकाला, जवळचं आहे. अलीच्या सोळा वर्षांच्या कारकिर्दीत अफझलखान प्रतापगडाखाली मारला गेला, पन्हाळ्याचा वेढा झाला, कोकण हातचं गेलं. १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंगाची मोगली फौज थेट विजापूरच्या रोखाने आली. पुरंदरच्या तहानंतरचे ते दिवस, त्यामुळे त्या फौजेत शिवाजीराजेही होते. शहर वाचलं, पण खजिना रिकामा होत गेला. १६७२ मध्ये अली वारला तेव्हा कबर कमानींच्या उंचीपर्यंतच आली होती. अर्धवट कमानींखाली उभं राहून मला वाटलं, आपण शाळेत शिकलेल्या इतिहासाची ही दुसरी बाजू आहे. तिकडे गड बांधले जात होते आणि इकडे घुमट राहून जात होते.

दुपारी लिंगायत खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी आणि वर दही. चाचा आमच्या ताटाला बसले नाहीत, म्हणाले, "तुम्ही जेवा, मी घोड्याला बघतो."

मग मुलूखमैदान. मराठीत फर्ड्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. ती तोफ विजापूरच्या पश्चिम तटावर शर्झा बुरुजावर आहे. लांबी सुमारे साडेचार मीटर, व्यास दीड मीटर, वजन ५५ टनांच्या घरात. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि दातांखाली चिरडला जाणारा हत्ती. ती ओतली गेली १५४९ मध्ये अहमदनगरला. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. नगरच्या निजामशाहीतून ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापूरला आणली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याचं ज्याच्या नावावर आहे, तोच हा मुरारपंत. त्याने ५५ टनांचा धातू माळरानातून, भीमा ओलांडून आणला. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असं चाचा सांगतात. आकडा कुणी मोजला नसेल, पण बैल शेकड्यांनी लागले असतील यात मला शंका नाही. जोडीची दुसरी तोफ, कडक बिजली, वाटेत नदीत बुडाली असं म्हणतात.

चाचांनी तोफेवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. तोफ घंटेसारखी वाजली. मग म्हणाले, हात लावा. एप्रिलच्या उन्हात उभी असूनही अंग चटका देत नाही असा त्यांचा दावा. मला ती कोमट लागली, तरी नाद विलक्षण होता. याचं उत्तर धातूत आहे. तोफेच्या ब्राँझमध्ये एरवी दहा भागांत एक भाग कथील घालतात. या तोफेत कथील जवळजवळ वीस टक्के आहे, बाकी तांबं. एवढ्या प्रमाणाच्या मिश्रणाला आपण कासं म्हणतो. देवघरातली घंटा, कीर्तनातले टाळ याचेच. कथील वाढलं की धातू कडक होतो, चकचकीत होतो आणि नाद देतो. पण ठिसूळही होतो. तोफेत ठिसूळपणा म्हणजे मरण, दारूचा धक्का बसला की तडा जायचा. मग रूमीने एवढं कथील का घातलं? इतकी प्रचंड चीज एका ओतात पातळ, वाहती राहावी, ही गरज त्यात असू शकते, कारण कथील वाढलं की मिश्रण कमी तापमानाला वितळतं. धातूच्या जाडीने ठिसूळपणा झाकला असावा. हा माझा अंदाज. पण घंटेच्या धातूची तोफ चारशे सत्तरहून अधिक वर्षं तडा न जाता उभी आहे, हे समोर दिसत होतं.

गोष्ट इथेही आहेच. बत्ती देणारा गोलंदाज लगेच शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारायचा, नाहीतर आवाजाने कानठळ्या बसून मरायचा. चाचांनी हौदही दाखवला. पण मला त्याहून जास्त आवडला तो एकोणिसाव्या शतकातला लिलाव. १८१८ नंतर विजापूर साताऱ्याच्या छत्रपतींकडे होतं. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं आणि विजापूर कंपनी सरकारकडे गेलं. १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरने हुकूम काढला की विजापुरात पडलेल्या निरुपयोगी वस्तू विकून टाका. मुलूखमैदानही लिलावात निघाली. सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपयांची! एवढ्या मोठ्या चिजेला ही किंमत फारच कमी, शिवाय लोक तोफेला मानतात, म्हणून विक्री रद्द झाली. कासं त्या काळीही भंगारात बऱ्यापैकी जायचं. ५५ टन धातूला दीडशे रुपये, याचा अर्थ कुणाला ती फोडायची कशी आणि न्यायची कशी हेच कळेना. मुरारपंतांचे बैल आता कुठून आणायचे? तोफ तिच्या वजनानेच वाचली.

इब्राहिम रौजा संध्याकाळच्या उन्हात बघावा, म्हणून चाचांनी तो मुद्दाम मागे ठेवला होता. रौजा, म्हणजे कबर, इब्राहिम आदिलशहा दुसरा याची. स्वतःला जगद्गुरू म्हणवणारा, दखनीत 'किताब-ए-नवरस' लिहून त्यात सरस्वती आणि गणपतीला नमन करणारा, आपल्या तंबोऱ्याला मोतीखान नाव देणारा. कबर आणि मशीद एका चौथऱ्यावर समोरासमोर आहेत. बांधणारा मलिक संदल. इमारत नाजूक आहे हे सगळेच सांगतात. मला दोन गोष्टींनी खिळवलं.

पहिली, खिडक्यांची जाळी. ती अरबी अक्षरांची आहे. अक्षरं दगडात शिल्लक ठेवली आहेत आणि भोवतालची मोकळी जागा आरपार कोरून काढली आहे, म्हणजे उजेड अक्षरांच्या मधून येतो. कागदावर अक्षर कसंही काढता येतं. आरपार जाळीत मात्र प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या रेघेला टेकलेली हवी, नाहीतर ती खाली पडेल. आणि अरबीत नुक्ते असतात, अक्षराच्या वर-खाली सुटे ठिपके. सुटा ठिपका हवेत कसा राहील? त्यालाही शेजारच्या अक्षराच्या वळणात अडकवावं लागतं, आणि तरीही वाचणाऱ्याला तो कुणाचा नुक्ता हे कळलं पाहिजे. लिहिणारा आणि कोरणारा यांनी मिळून हे आधी कागदावर सोडवलं असणार. मी बराच वेळ एक नुक्ता शोधत बसलो, तो कुठे चिकटलाय ते बघत. चाचा म्हणाले, "लोक फोटो काढून दोन मिनिटांत जातात. तुम्ही बसलात."

दुसरी, आतल्या दालनाचं छत. सुमारे बारा मीटर बाजूचं चौकोनी दालन, आणि वर दगडी फरश्यांचं छत जवळजवळ सपाट, खाली ना खांब, ना तुळई. दगड सपाट टाकला की मधेच वाकून तुटायचा, म्हणून तर जगाने कमान शोधली. इथे कडा थोड्या वळवून आत आणल्या आहेत आणि मधला सपाट भाग फरशीला फरशी जोडत, उत्तम चुन्याच्या भरवशावर तोलला आहे. वर बाहेरून जो घुमट दिसतो तो या छताला अजिबात उचलत नाही, त्याच्या आणि छताच्या मधे वेगळी रिकामी खोली आहे. औरंगजेबाचा वेढा, नंतरची दुर्दशा, एवढं सगळं होऊन चारशे वर्षं ते छत जागचं हललेलं नाही. चुन्याचा हा गुण समजायला सिमेंटच्या घरात वाढलेल्या आपल्याला थोडा वेळ लागतो. चांगला भिजवलेला, मुरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो. म्हणजे सांधा वर्षांनुवर्षं दगडाकडे जात राहतो.

इथे गाइडची ठरलेली फेरी संपते. आम्हाला आणखी दोन ठिकाणं बघायची होती आणि स्वतंत्र गाइड असल्याचा खरा फायदा तिथे झाला. पहिलं साठ कबर. गावाबाहेर एका चौथऱ्यावर सारख्या आकाराच्या कबरी रांगांनी आहेत. त्या अफझलखानाच्या बायकांच्या, असं सांगतात. शिवाजीवरच्या मोहिमेवर निघताना ज्योतिष्याने परत येणार नाहीस असं सांगितलं आणि त्याने सगळ्यांना विहिरीत ढकललं. चाचा हे इतक्या सहज सांगतात की अंगावर काटा येतो. दगड एवढंच सांगतात की कबरींच्या माथ्यांची घडण बायकांच्या कबरींची आहे, त्या एका मापाच्या आहेत आणि एकसारख्या अंतरावर आहेत. एकाच वेळी, एका हुकमाने बांधल्यासारख्या. त्यामुळे गोष्ट इथे चिकटून राहिली. मला ती सिद्ध झालेली वाटत नाही आणि सोडूनही देता येत नाही.

दुसरं ठिकाण अफझलखानाचंच, पण त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. विजापूरचा पाऊस कमी, जमिनीत खडक, आणि वर राजधानी. पश्चिमेकडून तोरवीच्या बाजूने आदिलशाहीने जमिनीखालून बोगदा खणून पाणी आणलं. अधूनमधून हवेसाठी, गाळ काढण्यासाठी विहिरी. आपल्या औरंगाबादच्या नहरांची आणि बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची ही सख्खी भावंडं. दक्षिणेला बेगम तलाव बांधून तिथूनही मातीचे नळ गावात आणले. आणि १६५१ च्या सुमाराचा एक शिलालेख सांगतो की मुहम्मद आदिलशहाच्या काळातलं एक पाणीकाम अफझलखानाने करवून घेतलं, तहानलेल्यांसाठी. प्रतापगडाच्या पायथ्याशी आपण ज्याला भेटतो, त्या माणसाच्या हाताखाली नळ टाकले जात होते हे वाचून मी चक्रावलो.

नळांच्या वाटेवर चौकोनी दगडी मनोरे उभे आहेत, त्यांना गंज म्हणतात. पाणी उतारावरून येताना नळात दाब वाढत जातो आणि मातीचा नळ फुटतो. म्हणून मधेमधे पाणी मनोऱ्यात वर चढू द्यायचं. उघड्या टाकीत आलं की वरचा दाब तिथेच मोडतो, गाळ तळाशी बसतो, आणि स्वच्छ पाणी पुढच्या नळात नव्याने उतरतं. कोणत्या वाडीला किती द्यायचं ते वाटपही इथूनच. जयसिंगाच्या स्वारीत विजापूरकरांनी भोवतालचे तलाव फोडले, विहिरी निकामी केल्या, आणि मोगली फौज पाण्यावाचून माघारी फिरली. शहर आपल्या या नळांवर तगून राहिलं.

हे गंज गावात आजही दिसतात. एक तर बाजाराच्या गर्दीत, फळांच्या गाड्यांमागे. चाचांना दाखवा म्हटलं तेव्हा ते क्षणभर थांबले. "त्यात बघण्यासारखं काय आहे सर, पाण्याची टाकी ती." तिथे ना कुणी उडी घेतलेली, ना बादशहा मेलेला, त्यामुळे ते कुणाच्या फेरीत नाही. टांगेवाल्याला मात्र रस्ता माहीत होता. विजापूरला गेलात तर गाइडला सकाळीच सांगून ठेवा, संध्याकाळी टांग्याच्या घोड्याची परतायची घाई असते.